सुट्या भागांची वाट

मोटारींच्या जुळवणीचा कारखाना पाहावयास गेलेल्या पाहुण्याची दृष्टी साहजिकच संथ सरकणाऱ्या लाइनीवर आणि तिच्यावर पायरीपायरीने पूर्णत्वास जाणाऱ्या मोटारीवर खिळते. परंतु लाइनीच्या दोन्ही अंगांस रॅकवर रचलेल्या पेट्या कोठून आल्या, कोणी आणल्या आणि नेमक्या याच घटकेला येथे कशा हजर आहेत, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उद्भवतो. बारीकसारीक स्क्रू धरून मोजले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात, असे टोयोटा कंपनी सांगते. आणि ज्या कारखान्याने साठा हाच अपव्यय मानणारी लीन पद्धत पत्करली आहे, तेथे यांपैकी बहुतेकांनी गरजेच्या फार आधी येऊ नये आणि गरजेनंतर तर मुळीच येऊ नये, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होईल की नाही हे लाइन पणाला न लावता, संगणकात कारखान्याचे प्रतिरूप उभारून आधीच पाहून घेण्याची विद्या, म्हणजे सिम्युलेशन, आता पुण्याच्या उत्तरेस चाकणच्या पट्ट्यातही चांगली रुजली आहे.

या विद्येविषयी दोन विरुद्ध मतांचा एक संवाद मला ऐकावयास मिळाला. मामांनी आपली सारी नोकरी पिंपरीकडच्या एका वाहन-कारखान्याच्या कोठारात केली. आवक-जावक, शिल्लक आणि तूट याच परिभाषेत ते आजही विचार करतात. त्यांची भाची अभियंता असून अशी प्रतिरूपे रचणे हाच तिचा व्यवसाय आहे. दोघांपैकी कोणाचेच म्हणणे मला पूर्णांशाने मान्य झाले नाही, आणि तरीही ज्या एका ठिकाणी ते येऊन ठेपले ते ठिकाण मला फार महत्त्वाचे वाटते, म्हणून तो संवाद आशयाशी इमान राखून येथे मांडीत आहे.

मामा : तुमच्या पद्धतीशी माझे वैर आहे असे समजू नकोस. पेटी रिकामी होताना नवी मागवणारी कानबानची कार्डे मीही हाताळली आहेत. मिनिटाला एक गाडी, गाडीला एका जातीचे ब्रॅकेट चार, म्हणजे तासाला दोनशे चाळीस नग. पेटीत साठ नग, म्हणजे दर पंधरा मिनिटांस एक पेटी. पेट्या ओढून आणणारी टगर गाडी दर अर्ध्या तासाने फेरी करते, या फेरीत कार्ड उचलते आणि पुढल्या फेरीत माल देते. म्हणून कार्ड पडल्यापासून पेटी येईपर्यंत फार तर एक तास धरायचा. तासाला चार पेट्या, वर पाव हिस्सा सुरक्षेचा, एकूण पाच. एवढे त्रैराशिक पाटीवर होते. त्यासाठी संगणकाला रात्रभर जागवण्याचे प्रयोजन काय?

भाची : त्रैराशिक खोटे नाही, मामा, पण ते एकाच भागाचे आहे, आणि टगर काही एकट्या त्या भागासाठी धावत नाही. तिच्या वाटेवर अनेक थांबे असतात, एखाद्या थांब्यावर एक पेटी उतरवायची असते तर एखाद्यावर सात, वळणावर फोर्कलिफ्ट आडवी येते, कोठे रिकाम्या पेट्या आवरलेल्या नसतात. फेरी सरासरीने अर्ध्या तासाची खरी, परंतु दोन फेऱ्या कधी सारख्या होत नाहीत. आणि टगर जितकी अधिक कामात गुंतवावी, तितका हा चढउतार अधिक महाग पडतो. रांगेच्या गणितातले अगदी प्राथमिक सूत्र घ्या. कामे अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही अनियमित असेल, तर सेवा देणारा ८० टक्के वेळ गुंतलेला असताना त्याच्यापाशी सरासरी चार कामे असतात, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. टगरचा वापर ८० वरून ९५ टक्क्यांवर नेणाऱ्या अधिकाऱ्याला पंधरा टक्क्यांची काटकसर दिसते, आणि रांग मात्र जवळजवळ पाचपट झालेली असते. हे तुमच्या पाटीवर दिसत नाही.

मामा : पाटीवर दिसत नव्हते, पण डोळ्यांना दिसत होते. टगर भरून निघू लागली की आम्ही दुसरी मागत असू.

भाची : मागत असाल, पण ती मंजूर व्हायला लाइन एकदा थांबावी लागत असे. मला ती न थांबवता दाखवता येते.

येथे थोडा खुलासा करणे इष्ट होईल. अशा प्रतिरूपातला काळ सेकंदामागून सेकंद असा सरत नाही. अमुक वाजता ट्रक फाटकात, अमुक वाजता पेटी रिकामी, अमुक वाजता टगर तिसऱ्या थांब्यावर, अशा भावी घटनांची एक कालानुक्रमी यादी असते. संगणक त्यांतील सर्वांत निकटची घटना उचलतो, तिच्यामुळे उद्भवणाऱ्या नव्या घटना यादीत घालतो आणि थेट पुढल्या घटनेच्या क्षणावर जातो, म्हणूनच महिनाभराच्या पाळ्या थोडक्या वेळात उरकतात. कोणता विलंब किती, हे प्रत्येक वेळी यादृच्छिक अंक ठरवतात. त्यामुळे एकदा चालवून आलेल्या उत्तरावर विसंबता येत नाही, निरनिराळ्या अंकमालिका देऊन तेच प्रतिरूप पुन्हा पुन्हा चालवावे लागते. ही विद्या मोटारींच्या कारखान्यात जन्मली नाही. इंग्लंडातील शेफील्डच्या पोलाद-उद्योगात काम करणारे के. डी. टॉचर, आयबीएममधले जेफ्री गॉर्डन आणि ऑस्लो येथील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या आगेमागे तिची साधने घडवली. यांपैकी न्यूगार्ड यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मामा : तर मग मूळ प्रश्न असा, की हे विलंब तू आणतेस कोठून?

भाची : नोंदींतून. ट्रक फाटकात आल्याची वेळ, डॉकवर माल उतरल्याची वेळ, आणि प्रत्येक कार्ड स्कॅन झाल्याची वेळ.

मामा : कार्डाची वेळ म्हणजे पेटी उघडल्याची, की संपल्याची?

भाची : पेटीतला पहिला नग उचलताच कार्ड काढून डब्यात टाकायचे, असा दंडक आहे. टोयोटातही तोच आहे.

मामा : दंडक मला ठाऊक आहे. मी लाइनीवरच्या माणसाविषयी विचारतो आहे.

भाची : लाइनीपाशी उभी राहून पाहिले तेव्हा निराळेच दिसले. कार्ड पेटीच्या दर्शनी बाजूस खोचलेले असते, पण कार्डांचा डबा रॅकच्या पलीकडच्या टोकाला. साठ सेकंदांत चार ब्रॅकेट बसवणाऱ्याला तेथवर जाऊन यायला सवड होत नाही. पेटी संपली की रिकामी पेटी परतीच्या उतारावर सोडण्यासाठी त्याला त्या टोकाला जावेच लागते. तेव्हाच तो कार्डही टाकतो. तोवर ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते.

मामा : म्हणजे प्रत्येक कार्ड पंधरा मिनिटे उशिरा निघाले. तासाचा सव्वा तास झाला. सव्वा तासाला पेट्या लागतात पाच, आणि आहेत पाचच. सुरक्षेची म्हणून जी पेटी तू तक्त्यात मांडलीस, ती मुळात उरलीच नाही. मग लाइन थांबत कशी नाही?

भाची : कारण खांबाआड एक सहावी पेटी ठेवलेली असते.

मामा : असणारच. आणि ती कोणत्याही दप्तरात नसणार.

हा एवढासा प्रसंग मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. प्रतिरूपाची सचोटी तपासण्याची रूढ रीत अशी, की त्याने वर्तवलेला आकडा प्रत्यक्षातल्या आकड्याशी ताडून पाहावयाचा. प्रतिरूप म्हणाले, लाइन थांबणार नाही. प्रत्यक्षातही लाइन थांबली नव्हती. सबब प्रतिरूप पसंत झाले असते. वस्तुतः जुळणी झाली ती दोन चुका परस्परांस खोडून काढीत होत्या म्हणून: कार्ड उशिरा पडल्याने एक पेटी हिशेबातून गळाली होती आणि खांबाआडच्या पेटीने ती भरून काढली होती. आता समजा, या पसंत झालेल्या प्रतिरूपाच्या आधारे वरिष्ठांनी पाचांच्या चार पेट्या करण्याचा हुकूम काढला, आणि त्याच सुमारास स्वच्छता-शिस्तीच्या मोहिमेत खांबाआडची पेटीही उचलली गेली. लाइन कदाचित तरीही थांबणार नाही. पेट्या पोहोचवणारा कंत्राटी मुलगा कोठारापर्यंत धावत जाईल आणि टगरची वाट न पाहता पेटी खांद्यावर घेऊन येईल. त्याच्या धावण्याची नोंद कोठेही होणार नाही. उलट चार पेट्यांत काम भागते असा दाखला तयार होईल, आणि पुढल्या वर्षीचे प्रतिरूप त्या दाखल्यावरूनच रचले जाईल. साठा कमी केल्याचे श्रेय एकाच्या नावावर जमा होते आणि त्याचा भार दुसऱ्याच्या गुडघ्यांवर पडतो, या व्यवहाराला मी काटकसर म्हणू शकत नाही.

भाचीने मात्र येथे एक गोष्ट निक्षून सांगितली, आणि ती सांगितलीच पाहिजे.

भाची : पण मामा, ही सहावी पेटी मला सापडली ती प्रतिरूपामुळेच. लाइन थांबण्याचा आकडा जुळत होता; रॅकवर भरल्या पेट्या किती असतात तो आकडा मात्र काही केल्या जुळेना. प्रतिरूपात त्या जास्त, रॅकवर कमी. त्या तफावतीचा माग काढत मी लाइनीवर गेले. नुसतीच पाहायला गेले असते तर कार्ड खिशात घालणारा माणूस मला दिसला असता, पण त्यात पाहण्यासारखे काही आहे हे उमगले नसते. नंतर कार्डांचा डबा पेटीच्या वर, हाताच्या अंतरावर आणला. कार्ड पहिल्याच नगाला पडू लागले.

मामा : हे चांगले केलेस. त्या माणसाला दोष न देता डबा हलवलास, हे त्याहून चांगले.

भाची : मग आता तुमच्या कोठाराचीही झडती घेऊ द्या. तुम्ही सात दिवसांचा साठा ठेवीत होता. सातच का?

मामा : सहा दिवसांचा ठेवीत होतो तेव्हा एकदा माल संपला होता.

भाची : म्हणजे एका दिवसाच्या तुटीची किंमत कारखाना पुढे वर्षानुवर्षे भरीत राहिला. जागा अडली, पैसा अडला, ते असू द्या; पण पुरवठादाराच्या साच्यात दोष शिरला तर तो लाइनीवर सात दिवसांनी कळणार, आणि तोवर सात दिवसांचा सदोष माल पाठीमागे उभा असणार. टोयोटाची ही पद्धत घडवणारे ताइची ओनो यांचा साठ्यावरचा मुख्य आक्षेप खर्चाचा नव्हता, साठ्याआड दोष लपतात हा होता. शिवाय साठ्यावर काळाचीही आपत्ती येते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की १ एप्रिलपासून धुराच्या जुन्या, बीएस-३ मानकाची वाहने विकता येणार नाहीत. त्या वेळी देशभरात आठ लाखांहून अधिक वाहने पडून होती. तयार वाहनांची ही गत, तर त्यांच्यासाठीच घडवलेल्या सुट्या भागांना कोण विचारतो?

मामा : मान्य. पण मग १९९७ सालची आगही सांग.

भाची : सांगते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे जपानातील कारिया येथे आयसिन सेकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सर्वस्वी तेथूनच मिळत असे, आणि टोयोटापाशी शिल्लक होती काही तासांची. जपानातल्या तिच्या बहुतेक लाइनी बंद पडल्या. पण आठवडाभरातच उत्पादन पुन्हा सावरले, कारण दोनशेच्या वर कंपन्या मदतीला धावल्या. शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही व्हॉल्व्ह घडवून दिले. आणि टोयोटाने त्यानंतरही आपली पद्धत सोडली नाही.

मामा : तेथे ग्राहक आणि पुरवठादार यांचे संबंध पिढ्यांचे होते. भोसरीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला आग लागली तर त्याचा ग्राहक मदत पाठवील, की दुसरा पुरवठादार शोधील? पण आग हा अपवाद झाला. मी रोजच्या रस्त्याविषयी बोलतो. तुझ्या प्रतिरूपात चार पुरवठादारांचे ट्रक उशिरा येण्याचा संभव कसा धरला आहेस?

भाची : नोंदींवरून. समजा प्रत्येक ट्रक वीसपैकी एका दिवशी फार उशिरा येतो. तर चारही एकाच दिवशी उशिरा येण्याचा संभव एक-विसांशाचा चौथा घात, म्हणजे एक लाख साठ हजारांत एक.

मामा : म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळात एकदा. आणि चारही ट्रक भोसरीहून एकाच पुणे-नाशिक रस्त्याने येतात. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला तर त्यांतला कोणता वेळेवर येईल? चौघांचाही उशीर एकच आहे. तो चारशे वर्षांनी नव्हे, वीस दिवसांनी येतो. आषाढीच्या आधी, ज्येष्ठ वद्यात, देहू-आळंदीहून पालख्या निघतात, जड वाहने दुसऱ्या वाटेने वळवली जातात. त्या उशिराला तू यादृच्छिक म्हणणार? त्याची तिथी पंचांगात छापलेली असते!

या युक्तिवादाचे वजन गणित न जाणणाऱ्यालाही जाणवेल. आकडे खरे असून त्यांची सांगड खोटी असू शकते, आणि विलंबांना परस्परांपासून स्वतंत्र मानणे हा या विद्येतला सर्वांत सोयीस्कर आणि सर्वांत घातक गृहीतपक्ष आहे. कारण त्यामुळे सरासरीला धक्का लागत नाही, फक्त अरिष्टे अदृश्य होतात. भाचीने तो आक्षेप टाळला नाही. रस्त्याची अवस्था हे एक समान कारण प्रतिरूपात आधी ठरवावयाचे, मोकळा, तुंबलेला की बंद, आणि मग त्या अवस्थेत प्रत्येक ट्रकचा विलंब काढावयाचा, हा तिचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. पालखीचे, गणेशविसर्जनाचे आणि चौकाच्या दुरुस्तीचे दिवस तर सरळ दिनदर्शिकेतूनच घालता येतात. मात्र कोणते ट्रक एका वाटेने येतात, कोणता चालक तळेगावाकडून वळसा घेतो, आणि कोठे माल उतरवणाऱ्या माथाडींची टोळी एकच असल्याने दोन ट्रक एकदम रिकामे होत नाहीत, हे कोठारातल्या आणि डॉकवरच्या माणसांनी सांगितल्यावाचून तिला कळणार नाही.

आणि म्हणूनच न्यूगार्ड यांची आठवण होते. सिम्युलेशनसाठी डाल यांच्या साथीने ज्यांनी सिम्युला ही भाषा घडवली, त्याच न्यूगार्ड यांना पुढे या चिंतेने ग्रासले, की अशी साधने ज्यांच्या श्रमांची पुनर्रचना करतात त्या कामगारांनाच त्यांविषयी काही बोलता येत नाही. आणि १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करून, संगणकीय योजना समजून घेण्याची आणि तिला आव्हान देण्याची पात्रता कामगारांत यावी म्हणून प्रयत्न केले. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. ज्या प्रतिरूपावरून पेट्या कमी होणार, त्यातला प्रत्येक गृहीतपक्ष पेट्या उचलणाऱ्यांपुढे मराठीत वाचून दाखवला जावा आणि तो खोडून काढण्याचा अधिकार त्यांना असावा, असे मी म्हणतो, आणि हे सौजन्य म्हणून नव्हे, तर अचूकपणाची अट म्हणून म्हणतो. खांबाआडची पेटी त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

मामा : एक शेवटचे विचारतो. तुझे प्रतिरूप सुरू होते कोठे?

भाची : फाटकापाशी. ट्रक आत आला की घड्याळ सुरू.

मामा : म्हणजे फाटकाबाहेर रांगेत खोळंबलेल्या चालकाचे तास शून्य किमतीचे. आणि तुम्ही जो साठा आतून काढला, तो भोसरीच्या कारखानदाराच्या पत्र्याच्या छपराखाली गेला, त्याचीही किंमत शून्य. कारण ऐन वेळी माल मिळाला नाही तर दंड त्यालाच आहे. तो साठा ठेवणारच. साठा नाहीसा झाला नाही, अगं, त्याने मालक बदलला.

भाची : हे खरे आहे. सीमा भोसरीपर्यंत नेता येईल. गणितात काही अडचण नाही. अडचण निराळी आहे. त्याच्याकडे किती माल पडून आहे, ही माहिती तो मला देईल का? मला देणे म्हणजे त्याच्या ग्राहकाला देणे. उद्या दराची बोलणी होतील तेव्हा तीच माहिती त्याच्यापुढे ठेवली जाईल.

मामा : देणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती.

भाची : मग चालकाचा खोळंबा मी मोजते, कारण रांग फाटकावरच्या कॅमेऱ्यात दिसते. पुरवठादाराच्या साठ्याचा रकाना मात्र शून्य न लिहिता कोरा ठेवते, आणि तो कोरा का आहे ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिते.

मामा : पहिल्या पानावर ते राहू देतील?

भाची : सही माझी आहे, मामा. ते पान काढायचे असेल तर सहीही काढावी लागेल.